महादंडाधिकारी, मुक्काम सांगली

मुनिरका, नवी दिल्ली
१२ फेब्रुवारी १९९५

ती. सौ. ताईस,
गौरवचा सा. न. वि. वि.

दोन महिन्यांनी पत्र लिहितोय, तेव्हा शिव्या घालशीलच. पण आधी वाच, मग घाल. फोनच करणार होतो. पण तुझ्याकडचा फोन सासूबाईंच्या खोलीत, आर. के. पुरमच्या घरचा बाबांच्या खुर्चीला चिकटलेला, आणि एसटीडी बूथवर मागे लोक घड्याळ बघत उभे. असलं काही तिथे बोलता येत नाही यार.

तर झालं असं. माझा रूममेट हेरंब, परभणीचा, तुला मागे लिहिलं होतं बघ, तो गुडगावला एका विदेशी कंपनीच्या इंटरव्ह्यूला निघाला होता. मी आपला सोबत गेलो, प्रॅक्टिस म्हणून. शेताच्या मधोमध काचेची इमारत, बाहेर म्हशी, आत स्वेटर घालावा इतका एसी. त्यांनी हेरंबला नको म्हटलं आणि मला घेतलं. बिचारा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच खिचडी टाकली आणि वर लोणचंही वाढलं.

होकार पंधरा मार्चच्या आत कळवायचा आहे. आणि जूनमध्ये यूपीएससीची प्रिलिम, माझी शेवटची संधी. नोकरी धरली तर परीक्षा गेली. बाबांनी त्यांच्या अख्ख्या सेक्शनला आणि सेक्टरमधल्या दूधवाल्यालाही सांगून ठेवलंय, की मुलगा कलेक्टर होणार. त्यांना काय तोंडाने सांगू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात, अर्थ लागत नाही. खोलीत बसवत नाही, बाहेर गेलो की परत यावंसं वाटतं. दिवसभर नुसता हिंडतो.

म्हणून आता हसू नकोस. हा अर्ज तुझा धाकटा भाऊ करत नाहीये, सहस्रतारा साम्राज्याचा सम्राट करतोय. आठवतं ना? उन्हाळ्यात वीज गेली की आपल्या खाटा गच्चीवर जायच्या आणि वर दिसेल तो प्रत्येक तारा माझ्या मालकीचा व्हायचा. मी बोट दाखवलं की ग्रह बेचिराख. पण तू पाण्याच्या टाकीवर चढून बसलीस, की तू महादंडाधिकारी, आणि सम्राटाने चपला काढून समोर उभं राहायचं. माझ्या आरमारापेक्षा तुझा शब्द मोठा. कबूतर सोडून दे म्हणालीस, मी सोडलं. दहावीनंतर सायन्स घेऊ नकोस म्हणालीस, नाही घेतलं. आता हाही निकाल तूच दे. नोकरी की परीक्षा? जे सांगशील ते बिल्कुल मान्य.

विनायकरावांना नमस्कार, सृष्टीला पापा. तुझ्या मनात माझ्यासाठी जो कोपरा आहे तो तसाच असू दे.

तुझा,
गौरव

*

सांगली
२० फेब्रुवारी १९९५

चि. गौरव यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ‘झालं असं’ एवढं शुद्ध मराठी वाचून धन्य झाले. त्याच्या आधीच यार येऊन गेलं होतं म्हणा. ह्यांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले की घरात एवढी मोठी न्यायमूर्ती आहे हे लग्नाआधी सांगायला हवं होतं, वेगळा विचार केला असता. तेव्हापासून आमटीत मीठ कमी पडलं तरी मला अर्ज करायला लागलेत.

पण गौरव, मला हसू आलं तेवढीच भीतीही वाटली. बाकीची मुलं खेळ संपला की घरी जातात. तू माझा शब्द दुसऱ्या दिवशी सकाळीही पाळायचास. त्या कबुतराला सोडून आलास आणि जेवला नाहीस, आईने मला केवढं झापलं होतं. तेव्हा टाकीवर बसायला मजा यायची. आज सत्तावीस वर्षांचा बाप्या चपला काढून उभा आहे म्हटल्यावर जीव घाबरा होतो रे.

तरी साम्राज्याचा कायदा कायदा आहे. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही. कृत्तिकेच्या दोन ग्रहांचं पाण्यावरून भांडण होतं तेव्हा तू एका ग्रहाचा वकील आधीच उडवून टाकला होतास आणि मी तुला गच्चीला सात फेऱ्या मारायला लावल्या होत्या. इथे दुसरी बाजू बाबांची. तू त्यांच्याशी एका शब्दाने बोलला आहेस का? आणि मुख्य म्हणजे तुझ्या चार पानांत तुला स्वतःला काय हवंय ते कुठेच नाही. ते कळव. आणि पोटाला नीट खा, खिचडीवर दिवस काढू नकोस.

हेरंबला माझा आशीर्वाद सांग, गुणी पोरगा दिसतो. ताईचा राग आला तरी फार दिवस ठेवू नये.

तुझी,
क्षिप्राताई

*

आर. के. पुरम, नवी दिल्ली
२४ फेब्रुवारी १९९५

चि. सौ. क्षिप्रा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम आहे. घरात लातूरचे पाचजण उतरले आहेत. राज्याच्या सदनात खोली मिळाली नाही की महाराष्ट्र सरळ आपल्याकडे येतो, आणि ह्या गर्दीत अभ्यास होईना म्हणूनच गौरव मुनिरकाला खोली घेऊन राहतो, हे तुला ठाऊकच आहे. तुझी आई पोळ्या लाटून थकली आहे, पण कोणाला नाही म्हणणार नाही.

विषय असा, की मला महादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा आहे. दचकू नकोस. गच्चीवर मी झोपलेला असे, असे तुम्हां दोघांना वाटत असे. ऑफिसात दिवसभर मसुदे वाचणाऱ्या माणसाला इतका सुरेख न्यायनिवाडा ऐकायला मिळाला तर झोप कोणाला येईल? सम्राटाला सात फेऱ्या मारायला लावल्यास, तेव्हा मी पांघरुणात हसत होतो.

अर्ज पुढीलप्रमाणे. हेरंब परवा घरी आला होता. आईने त्याला थालीपीठ वाढले आणि त्याने भाबडेपणाने गुडगावच्या नोकरीचे सांगितले. गौरव मला बोलला नाही. मागच्या आठवड्यात मी त्याला मुनिरकाच्या बसस्टॉपवर पाहिले. बस येत होती, तो चढत नव्हता. दुसरी आली, तीही सोडली. तिसऱ्या बसमध्ये चढला आणि लगेच उतरला. मी संत्र्यांच्या गाडीआड उभा होतो. हाक मारावी असे फार वाटले. मारली नाही.

क्षिप्रा, तो झुरतो आहे. परीक्षा सोड असे मी म्हणालो, तर त्याला वाटेल की बापाचा विश्वास उडाला, हा नापास होणारच असे बाप धरून चालला आहे. न म्हणावे, तर पोर हातचे जाईल. मला अधिकारी मुलगा हवा होता, अजून हवा आहे, खोटे कशाला बोलू? पण पोर असे बसस्टॉपवर उभे बघायला नको. तेव्हा महादंडाधिकाऱ्यांनी सम्राटास नोकरी स्वीकारण्याचा आदेश द्यावा, व अर्जदाराचे नाव गुप्त ठेवावे, ही विनंती. तो तुझे ऐकतो. माझे ऐकतो की मला घाबरतो, हे मला आजवर समजलेले नाही.

सृष्टीस गोड पापा. आम्हां म्हाताऱ्यांची आठवण काढत जावी.

तुझे,
बाबा

*

सांगली
४ मार्च १९९५

ती. बाबांस शि. सा. न. आणि चि. गौरव यास आशीर्वाद.

हे एकच पत्र दोनदा लिहून दोन पाकिटांतून पाठवते आहे, म्हणजे कोणाला पळवाट नको. बाबा, तुम्ही नाव गुप्त ठेवा म्हणालात, ते मी ठेवत नाही. रागावलात तर रागवा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आर. के. पुरम आणि मुनिरका ह्यांच्यामध्ये आहे काय? एक आउटर रिंग रोड! एकजण रस्त्याच्या अलीकडे झुरतो, दुसरा पलीकडे संत्र्यांच्या गाडीआड उभा राहतो, आणि दोघेही मला सांगलीला पत्रं धाडतात. पोस्टमन विचारत होता की दिल्लीला कोणी आजारी आहे का. मी म्हटलं, दोघे आहेत.

बाबांचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. गौरव, तुला वाटतं की बाबा ऐकून कोसळतील. बाबांना वाटतं की त्यांनी तोंड उघडलं तर तू कोसळशील. मी नोकरी म्हणाले काय आणि परीक्षा म्हणाले काय, तुम्ही दोघे जन्मभर म्हणाल की क्षिप्राने सांगितलं म्हणून. उद्या चुकलं तर मला दोषही देणार नाही, आणि तेच मला सोसायचं नाही. मला दोघेही हवेत आणि ते एकमेकांशी बोलणारे हवेत.

म्हणून महादंडाधिकारी ह्या प्रकरणात निकाल देणार नाहीत. हुकूम मात्र देतात. रविवारी, १२ तारखेला, सम्राटाने रस्ता ओलांडून घरी जावं. दार बाबांनी स्वतः उघडावं. आईने मध्ये पडू नये, तिने फक्त चहा करावा. क्रिकेट, पाहुणे आणि डीटीसीच्या बसेस ह्यांवर बोललेलं धरलं जाणार नाही. बाबांनी विचारावं आणि गौरवने खरं सांगावं, एवढंच.

उद्धटपणा झाला असला तर पदरात घ्या. तुम्हां दोघांची माया आटू नये एवढंच मागते.

तुमची,
क्षिप्रा

*

मुनिरका, नवी दिल्ली
१२ मार्च १९९५

ती. सौ. ताईस,
गौरवचा सा. न. वि. वि.

आत्ताच घरून आलोय, जेवण पण तिथेच झालं. हेरंब विचारतोय काय झालं, त्याला म्हटलं थांब, आधी ताईला लिहू दे.

दार बाबांनीच उघडलं. रविवार असून इस्त्रीचा शर्ट घातला होता. घरात लातूरचे अजून होतेच, आग्र्याचा पेठा वाटत होते. म्हणून आम्ही चहाचे कप घेऊन गच्चीवर गेलो. बाबा कठड्याचा चुना नखाने खरवडत बसले. शेवटी घसा साफ करून म्हणाले की तुला काय करायचंय हे मी आजवर विचारलंच नाही, तेव्हा आता सांग.

ताई, तू विचारलं होतंस आणि मी उत्तर टाळलं होतं. बाबांसमोर ते भस्सकन बाहेर आलं. म्हटलं मला नोकरी करायचीय. नापास व्हायला घाबरून नाही. मला अधिकारी व्हायचंच नाहीये, गेली दोन वर्षं नाहीये, आणि तुमच्यासाठी पुस्तकं उघडून बसतोय. एवढं बोललो आणि रडायला लागलो. लाज वाटली, पण थांबेना.

बाबांनी पाठीवर हात ठेवला. मग विचारलं की ऑफिस कुठे, जायचं कसं. मी सांगितलं की कंपनीची गाडी धौला कुआँहून मिळते. ते म्हणाले की आईला मी सांगेन, तू आत्ता काही बोलू नकोस. त्यांचा चहा तसाच राहिला होता, तो त्यांनी थंडच पिऊन टाकला. मला वाटलं चलो, सुटलो. दोघे खाली निघालो.

जिन्यात बाबा पुढे होते. मधेच थांबले. माझ्याकडे वळले नाहीत. म्हणाले की उद्या सकाळी उजाडताच जा आणि होकार देऊन ये. जाण्याआधी मला पुन्हा विचारायला येऊ नकोस. उद्या मी नको म्हणेन.

सकाळी निघतोय. आम्हां दोघांवर लक्ष असू दे ताई.

तुझा,
गौरव