लिंबातला दिवा

बेंगळुरू, शुक्रवार

प्रिय आई,
तुला आणि घरच्या सगळ्यांना प्रभूच्या नावाने सलाम.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, भात जरा जास्तच होतो. घसा तेवढा बसलाय, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना बाबांचा हात धरतेस ना?

बनशंकरीच्या बसस्टॉपवर मी रोज सुवार्तेची पत्रकं घेऊन उभी असते. लोक कानात इयरफोन घालून पुढे जातात. कुणी चिडलं असतं तरी चाललं असतं, निदान बोलणं झालं असतं.

बनशंकरी देवीच्या देवळातून परतताना सकवारबाई नावाच्या एक अक्का तिथल्या बाकावर टेकतात. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातल्या. मंगळवारी म्हणाल्या, "स्वल्प बस गं, तोंड बघ किती सुकलंय." मग हळूच म्हणाल्या, "पिळलेल्या लिंबाच्या सालीत तुझ्या नावाचा दिवा लावून आले. देवीला म्हटलं, ह्या पोरीचं कुणीतरी ऐकू दे."

हसावं की रडावं कळेना. लोकांनी येशूबद्दल ऐकावं म्हणून देवीला साकडं! पण आई, या गावात माझ्यासाठी कुणी काही मागितलं ते पहिल्यांदाच.

आज त्यांनी दुरूनच विचारलं, "ऐकलं का गं कुणी?"

कुणीच थांबलं नव्हतं. पण त्यांच्या देवीला कमीपणा येऊ नये म्हणून मी "हो" म्हणाले.

रात्रीच्या प्रार्थनेत अक्कांचं नाव घे. आणि यातलं काही पाळकसाहेबांना सांगू नकोस.

तुझी दमलेली,
कृपा