अडुसष्ट किलो, खिशासकट

६ जानेवारी, सोमवार
जिभेच्या कॅन्सरसाठी किरणांचे शेक आजपासून सुरू. एकूण तेहतीस. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क लावून टेबलावर झोपायचं, हलायचं नाही. वजन अडुसष्ट. आहारवाल्या रितिका मॅडम म्हणाल्या, दर सोमवारी वजन करू. बासष्टच्या खाली गेलात तर नाकातून नळी. मी सांगितलं, हुडकेश्वरात तीस वर्षं किराणा दुकान आहे, गव्हाचं पोतं एकटा उचलतो. नळी गेली उडत.
संकल्प: महिनाअखेर बहात्तर.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगुळाला वाळूची चव. तीळ आपल्याच दुकानातले, त्यामुळे कुणाला बोलता येत नाही. घशात निखारे. बायकोने, यमूने, तूप घालून पातळ शिरा केला. दोन चमचे खाल्ला, बाकी मांजरीला. मांजर छान सुधारली आहे.

२० जानेवारी, सोमवार
काटा त्रेसष्ट दाखवतो. काटा खराब. तराजूमागे आयुष्य काढलेल्या माणसाला हे लगेच कळतं. मॅडमना तसं सांगितलं. त्या स्वतः चढल्या आणि बरोबर आहे म्हणाल्या. स्वतःचं वजन कोण खरं सांगतं?

२६ जानेवारी, रविवार
पट्ट्याला नवीन भोक पाडलं. चामडं सैल पडलंय. उद्याची तयारी: दुकानातलं दोन किलोचं लोखंडी वजन उजव्या खिशात, एक किलोचं डाव्यात. ही फसवणूक नाही. काट्याची चूक दुरुस्त करतोय.

२७ जानेवारी, सोमवार
पासष्ट! मॅडम खूश. बाकीच्या पेशंटना म्हणाल्या, काका काय खातात ते विचारा. त्यांनी विचारलं. सावजी रस्सा, सहा अंडी, वाटीभर तूप, असं अर्धा तास सांगितलं. आवाज बसला. मास्क लावणारा दुर्गेश म्हणाला, गालाशी सैल लागतो. प्लॅस्टिकच ते, ताणणारच.

३ फेब्रुवारी, सोमवार
खिशात पाच किलो. चालताना जरा डुलत होतो. काट्यावर चौसष्ट.
टेबलावर मास्क लावला तर दुर्गेशची दोन बोटं आत गेली. त्याने मॅडमना बोलावलं. मी समजावून सांगायला उठून उभा राहिलो आणि पॅन्ट खाली गेली. वजनं फरशीवर. आवाज पार गेटपर्यंत गेला असणार.
खरं वजन एकोणसाठ. मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "काका, काट्याले फसवलं तुम्ही. पण सैल मास्कमध्ये मान हलली तर शेक भलतीकडेच लागते, अन् गाठ तशीच राहते."
नवा मास्क होईपर्यंत शेक बंद. भीती वाटली. एकदाच लिहितोय, परत लिहिणार नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
नळी बसली. नवा मास्कही झाला. यमू सिरिंजने नळीत पातळ पेज सोडते, घड्याळ लावून, दर दोन तासांनी.
वजनं दुकानात मीच परत ठेवणार, असं तिला बजावलं. दोन किलोचं दोन्ही हातांनी उचललं. पायरीपर्यंत नेलं. मग पायरीवरच बसलो. यमूने ते एका हाताने उचललं आणि म्हणाली, "हे दुकानाचं वजन हाय जी. तुमचं मी नळीतून भरून राहिली."
ते कुठे ठेवायचं, ते मी पायरीवरूनच सांगितलं.
सोमवारी साठ करून दाखवतो. अगदी प्रामाणिकपणे. नळीचं वजन किती भरतं, तेवढं दुर्गेशला विचारून ठेवायचं.