येतो

४ जानेवारी, रविवार

पोचले बाई एकदाची! देवगड ते नाहूर, हर्षदच्या गाडीत, मांडीवर कुळथाच्या पिठाचा डबा घट्ट धरून. आता कायमची आले. बी विंग, अकरावा मजला, अकराशे तीन. खिडकीतून पूल दिसतो, पुलाखालचा रस्ता दिसतो, आणि त्यावर गाड्या अशा सरकतात जशा गुळाच्या ढेपेवर मुंग्या. सून नीला गोड आहे, फक्त चहात साखर घालताना तिचा हात आखडतो. नात निधी कॉलेजात आहे. तिनेच ही वही दिली. म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलतेस ते हिच्यात लिही, आमचे कान तरी वाचतील. चौथीपर्यंत शिकलेय मी. ऱ्हस्व-दीर्घ बघायला कोण मास्तर येतोय इथे?

सगळ्यात मोठं सुख सांगते. उद्यापासून रोज सकाळी हर्षद दारात उभा राहून ‘आई, येतो’ म्हणेल आणि मी ‘ये’ म्हणेन. वीस वर्षं हे सुख मला फक्त सुट्टी संपली की एकदा मिळायचं. आमच्यात निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, आणि निरोप देणाऱ्याने ‘जा’ तर म्हणायचंच नाही. माझा धाकटा दीर, बाळा. त्याला एकदा रागाच्या भरात म्हटलं होतं मी, जा मेल्या. होडीवर गेला तो. होडी परत आली. असो. आज पहिल्या दिवशी ते कशाला.

६ जानेवारी, मंगळवार

निधीने तिचा जुना फोन मला दिला आणि एका कट्ट्यावर नेऊन बसवलं. कट्टा फोनमधलाच. मुलुंड-नाहूरची शिकलीसवरली माणसं तिथे भांडतात, कोणालाही बघू देतात. बोटाने सारत जा, भांडण संपतच नाही. आमच्या वाडीत विहिरीवर भांडणं व्हायची, पण तिथे निदान पाणी तरी घरी यायचं.

एक देवेश आहे. वकील नाही, पण लग्नात अक्षता टाकाव्यात तशी कायद्याची कलमं टाकतो. नंदकिशोर म्हणून दुसरा, त्याचं दूध नासलं तरी सरकारचा दोष, आणि दूध चांगलं निघालं तर ते मागच्या सरकारमुळे. वसुधा नावाच्या बाईला वाटतं, नाक्यानाक्यावर कॅमेरे लावले आणि त्यांना कॉम्प्युटरचा मेंदू दिला की माणसं आपोआप सुधारतील. हिची कढी उतू जाताना कुठला कॅमेरा गॅस बंद करतो, विचारायला हवं. आणि एक तोंड लपवून लिहितो, नाव घेतलंय ‘जागरूक नागरिक’. सगळ्यांत खवट तोच. पण काय सांगू, त्याने लिहिलंय, ‘सायकलींच्या वांगडा मोटारी चालूच शकत नाहीत.’ वांगडा! सोबत म्हणायला आमच्याकडचा शब्द! माझा कोणीतरी गाववालाच हा. एवढा आनंद झाला की नीला स्वयंपाकघरातून बघायला आली, म्हातारी एकटीच का हसतेय.

९ जानेवारी, शुक्रवार

आज त्या कट्ट्यावर एक बरा माणूस सापडला. सुबोध नाव. रोज सकाळी सायकलने ऐरोलीला ऑफिसला जातो. त्याचं मागणं तरी किती? पुलाखालच्या रस्त्याच्या कडेला सायकलवाल्यांसाठी रंगाचा एक पट्टा मारा. बस. तर सगळे तुटून पडले त्याच्यावर. देवेश म्हणे, कुठल्या कलमाखाली मागताय? नंदकिशोरने त्याला विरोधी पक्षाचा माणूस करून टाकलं. वसुधाबाई म्हणाल्या, थांबा थोडे दिवस, गाड्या स्वतःच चालायला लागतील, मग कोणी कोणाला धडकणार नाही. जागरूक म्हणाला, हौस असेल तर बागेत चालवा. शिकलेत सगळे. घोड्याला शिकवलं असतं तर तेही एवढं शिकलं असतं.

सुबोध कोणालाच उलटून बोलला नाही. उलट लिहिलंय, आमच्या सोसायटीत सायकल लिफ्टमधून न्यायची नाही असा नियम आहे, तर मी खांद्यावर घेऊन जिना चढतो, नियम म्हणजे नियम. शेवटी त्याने लिहिलं, ‘चला, ऑफिसची वेळ झाली. येतो.’

आणि खाली एकानेही ‘या’ म्हटलं नाही! पन्नास माणसं बसलीत, आणि दारातून निघालेल्या माणसाला कोणी या म्हणत नाही. कुठल्या घरातली ही? मला राहवेना. एका बोटाने पाऊण तास लागला, पण लिहिलं. ‘या हो. सावकाश या. बी विंग, अकराशे तीन. चहाला या.’ सोसायटीचं नावही घातलं. पत्ता कसा सोडायचा?

१० जानेवारी, शनिवार

उत्तर आलं! ‘येतो काकी. खूप दिवसांनी कोणी या म्हटलं. पुलाखाली आहे.’ बघा, रीत जाणणारा माणूस. चहाला एक कप पाणी जास्त ठेवलं, ओला नारळ घालून पोहे केले. आला नाही. पोहे हर्षदने खाल्ले.

१२ जानेवारी, सोमवार

निधीला दाखवलं तर तिचा चेहरा उतरला. म्हणते, आजी, तारीख वाचायची गं आधी! ते भांडण दोन वर्षांपूर्वीचं आहे. त्याच सकाळी, ‘येतो’ लिहून निघाला आणि अर्ध्या तासात पुलाखालच्या वळणावर एका गाडीने त्याला उडवलं. गाडीवाला थांबलाच नाही, अजून सापडलेला नाही.

मग उत्तर कोणी लिहिलं? ती म्हणाली, असतात गं रिकामटेकडे, मेलेल्याचं खातं उघडून गंमत करतात. असतीलही. त्या कट्ट्यावर काहीही असेल. तिने अजून सांगितलं की तो मेला त्या दिवशी कट्ट्यावर चारशेवर माणसं भांडली. कशावर? तर त्याने हेल्मेट घातलं होतं की नव्हतं. मढं रस्त्यावर, आणि यांची टोपीवर चर्चा.

हर्षद जेवत होता. हातातला घास त्याने ताटात ठेवला. निधीला म्हणाला, आईचा फोन काढून घे. आणि अर्ध्या जेवणावरून हात धुतले. कधी करत नाही असं. निधी कसली ऐकते, फोन माझ्या उशीखाली आहे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. वॉचमन सहदेव तिळगूळ घ्यायला आला आणि गाऱ्हाणं सांगून गेला. दिवसाढवळ्या कोणीतरी जिन्याने सायकल वर नेतंय. भिंतीला चेनच्या ऑइलचे काळे फराटे उठलेत, चौथ्या मजल्यापर्यंत. कॅमेऱ्यात माणूस दिसत नाही, फक्त जिन्यातले दिवे एकेक करून लागताना दिसतात. आमच्याकडे जिन्यात कोणी आलं की दिवा आपोआप लागतो.

फराट्यांचा फोटो कोणीतरी कट्ट्यावर टाकलाय. देवेश विचारतो, जिन्यात सायकल नेणं सोसायटीच्या कुठल्या नियमात बसतं. साठ जण उत्तर देतायत. भिंत बघत एकही नाही.

माझ्या फोनवर वेगळं आलंय. ‘चौथा मजला, काकी. लिफ्टमध्ये सायकल चालत नाही ना.’

मी तिळगुळाची वाटी तशीच हातात धरून बसले.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज चष्मा लावून ते चारशे सगळे वाचले. हेल्मेट पोलिसांना मिळालं नव्हतं. अर्धे म्हणतात घातलंच नव्हतं, म्हणून मेला. अर्धे म्हणतात पुरावा द्या. रंग कोणीच सांगत नाही, पाहिलंच नाही तर सांगणार काय? एक सोडून. त्याच सकाळी साडेनऊला, बाकीच्यांना नीट बातमीही कळली नव्हती तेव्हा जागरूक नागरिकाने लिहिलंय, ‘निळं हेल्मेट डोक्यावर चढवलं म्हणजे रस्ता बापाचा होत नाही.’

मी सुबोधला विचारलं, बाबा, तुझं हेल्मेट कसलं होतं. लगेच आलं. ‘निळं. नाल्यात आहे. सातवा मजला, काकी.’

वांगडा. सगळ्या मुलुंडात तो शब्द कोण लिहील? शाळेत मास्तरांनी छड्या मारल्या तरी एका पोराच्या तोंडातून तो शब्द गेला नव्हता. आणि दोन वर्षांपूर्वी त्याच पोराने नवी कोरी पांढरी गाडी महिन्याच्या आत विकली. मी फोनवर विचारलं होतं, का रे? म्हणाला, आवडली नाही आई.

१७ जानेवारी, शनिवार

विचारलं. नीला आणि निधी बाजारात गेल्या होत्या.

आधी म्हणाला, आई, तुला त्यातलं काय कळतं. मग म्हणाला तो मध्येच आला, मग म्हणाला तिथे पट्टाच नव्हता तर चूक कोणाची, मग म्हणाला कायद्याने बघितलं तर. तीच सगळी वाक्यं. कट्ट्यावर वाचलेली, माझ्या समोर, माझ्या पोराच्या तोंडातून. मी म्हटलं, थांबला का नाहीस? मग रडला. थांबलो असतो तर वाचला असता का गं, असं मलाच विचारलं.

पोलिसांकडे जा असं म्हणायला तोंड उघडलं आणि ‘जा’ निघेना. चल म्हटलं, मी येते वांगडा. सोमवारी, म्हणाला.

गेले दहा-बारा दिवस चारशे माणसांना नावं ठेवतेय मी. त्यातला सगळ्यात हलका माझ्या पोटचा.

१९ जानेवारी, सोमवार

आज नको आई, उद्या, म्हणाला. ऑफिसला गेला. दारातून ‘येतो’ म्हणाला, मी ‘ये’ म्हटलं. अजून म्हणतेच.

नववा मजला. दुपारी तीनला जिन्यात घंटी वाजली, सायकलची. निधीलाही ऐकू आली. ती आता रिकामटेकडे म्हणत नाही.

मी बोलावलंय त्याला. पत्ता मी दिलाय. तो चहासाठी येत नाहीये, एवढं मला चौथी पास बाईला कळतं. तो वाईट नाही. पण हर्षद माझा आहे.

जो ‘या’ने आला तो ‘जा’नेच जाईल. रीत पाळणारा आहे, दारात येऊन आधी ‘येतो’ म्हणेल. तेव्हाच म्हणायचं. बाळाच्या नंतर हा शब्द मी कुत्र्यालासुद्धा म्हटलेला नाही. आज देवापुढे हळूच म्हणून बघितला. जमतो.

२० जानेवारी, मंगळवार, सकाळ

दहावा मजला. घंटी. नीला अंघोळीला गेलीय. हर्षद आत आवरतोय. त्याला म्हटलंय, आज माझ्यासोबत चौकीवर. हो म्हणाला.

मी ओट्याशी उभी आहे. दाराकडे बघवत नाही. घंटी जवळ — अगदी

सव्वानऊ

म्हटलं. पाठमोरी होते. दारातून आवाज आला, पुरुषाचा, ‘येतो’. मी डोळे मिटून, मोठ्याने, जा. जा मेल्या, जा.

दार ओढलं गेलं. मग लिफ्टचा आवाज.

लिफ्टचा.

सायकल लिफ्टमध्ये चालत नाही —

वळून बघितलं. हर्षदची चप्पल नाही. गाडीची किल्ली नाही. पळाला, चौकीला यायचं नाही म्हणून पळाला, आणि तरी दारात थांबून मला येतो म्हणाला. सवयीने. माझ्याच सवयीने.

फोन लावतेय. उचलत नाही. उचल रे.

दहा वाजले

खिडकीतून पुलाखाली गर्दी दिसते. निधी धावत खाली गेलीय.

कट्ट्यावर आलंय. नाहूर पुलाखाली मोटार कठड्यावर आदळली, चालक जागीच. देवेश विचारतो, सीटचा पट्टा लावला होता का, कलम अमुक. नंदकिशोर म्हणतो, रस्ता कोणी बांधला ते बघा. वसुधा म्हणते, कॅमेऱ्यात गाडी कोणाला तरी चुकवताना दिसते, समोर कोणीच नाही. सत्तर झाले. ऐंशी. गाडीतून अजून बाहेरही काढला नसेल माझ्या —

जागरूक नागरिक काही लिहीत नाही.

सुबोधचं आलं. ‘काकी, जातो.’ येतो नाही. जातो.

मी जा त्याला म्हटलं होतं. तुला नाही रे. तुला नव्हतं —

एका बोटाने लिहितेय, त्याच भांडणात, त्या सगळ्यांच्या खाली. हर्षदा, ये. सावकाश ये. बी विंग, अकराशे तीन. कसाही असशील तसा ये. दार उघडं ठेवलंय, जिन्यातला दिवा आत्ता आपोआप