रडायचं नाही, गायचं

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, मीही आता तुमच्या वयाला येऊन पोचलो. आयुष्य जालन्यात पेपरच्या डेस्कवर गेलं, लोकांच्या निधनाच्या बातम्या वेळेत पानात बसवण्यात. त्यामुळे मरणाबद्दल लिहिताना माझा हात अडत नाही. पण गेल्या पावसाळ्यात तुमची सून गेली आणि तेव्हापासून मला रोज तुमच्याशी भांडायचं असतं.

आई गेली तो दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. तुम्ही एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीतून तसेच आलेले, बाह्यांना औषध लावलेल्या बियाण्याची गुलाबी भुकटी. आईला पुढच्या खोलीत ठेवलंय. चर्चची माणसं जमलीत. स्वयंपाकघरात चूल बंद, शेजारणीनं आणून ठेवलेलं पिठलं गार होतंय. आणि तुम्ही मधोमध उभे राहून गाताय. स्वर्गातल्या घराचं गाणं, खड्या आवाजात, एकही सूर न चुकता. मला हुंदका फुटला तसा तुम्ही माझा खांदा दाबलात. "आवाज काढू नको. आपल्याला आशा हाय. रडायचं न्हाई, गायचं."

तेवढ्यात जाफराबादच्या एसटीनं आत्या आली. तुमची थोरली बहीण. बाप्तिस्मा तुमच्याबरोबरच झालेला, पण रडणं गावचंच राहिलेलं. दारातच बसकण मारून तिनं हेल काढला. "चहात साखर टाकायची इसरून 'आक्का, पिऊन घ्या' म्हणणारी कुठं गेली वं माय! माझ्या आधी जायची तुला काय जल्दी होती वं!" आईच्या असल्या बारीकसारीक गोष्टी ती हेलात गुंफत गेली आणि सकाळपासून पहिल्यांदा मला पटलं, की आत झोपवलेली बाई माझी आई आहे. तुम्ही गाणं थांबवलंत. "आक्का, इथं हेल न्हाई काढायचा. बराबर न्हाई ते. गाणं म्हण."

आत्यानं तोंडावरचा पदर खाली घेतला. "बायको मेली, का बक्षीस लागलं रे तुला?"

मागच्या बाजूला कुणीतरी हसू दाबलं. पण आत्या गप्प झाली. नंतर कबरस्तानापर्यंत तिनं तोंड उघडलं नाही, ना रडायला, ना गायला. त्या दिवशी तुम्ही माझ्या मनातून उतरलात ते उतरलातच. चर्चला येत राहिलो, तो तुमच्या धाकानं. तुम्ही गेल्यावर तेही थांबलं.

आता माझ्या घरात तीच माणसं आली, म्हणजे त्यांची मुलं. पाळकसाहेब तरुण आहेत, सभ्य आहेत, रोज संध्याकाळी प्रार्थनेला यायचे. म्हणाले, "ताई आता उत्तम ठिकाणी आहेत." मी विचारलं, "माझ्या घरापेक्षा उत्तम?" ते ओशाळले. मला बरं वाटलं असं नाही, पण जरा जोर आला. सांत्वन करणाऱ्यांचा मला संताप येतो, बाबा. आपण आत्ताच तिकडून जाऊन आलोय, जागा हवेशीर आहे, अशा थाटात बोलतात. एवढ्या खात्रीनं लिहिलेली बातमी मी डेस्कवर हातातसुद्धा धरली नसती.

पण तुमच्या नातीला त्यातच आधार मिळाला. सकाळी ऑफिसच्या आधी पोळ्या लाटताना ती तुमचंच गाणं गुणगुणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पेपर खाली ठेवला. म्हटलं, "हे गाणं या घरात नको."

तिचं गुणगुणणं थांबलं. लाटणं चालूच होतं. "पप्पा, मी गाऊन राह्यले का रडून राह्यले, हे तरी कळतं का तुम्हाला?"

"आवाज येतो तो गाण्याचा येतो."

"तुमचं न्हाई तर न्हाई. पण माझ्याजवळचं काढून घेऊ नका. एवढंच हाय माझ्याकडं."

तव्यावरची पोळी करपली आणि मला आत्याचं मिटलेलं तोंड दिसलं. तुम्ही हेल बंद पाडलात, मी गाणं. तुम्ही सुखावाल म्हणून लगेच सांगतो, यानं तुम्ही बरोबर ठरत नाही. आपण दोघं चुकीचे ठरतो, एवढंच. गातेय का रडतेय, या तिच्या प्रश्नापाशी मी तुमच्या बाबतीतही क्षणभर अडखळलो होतो. पण ते मी पुढे नेणार नाही.

त्यानंतर आमचं बोलणं दूध आणि भाजीपुरतं उरलं. तिनं पुण्याला बदली मागितल्याचं मला शेजाऱ्यांकडून कळलं. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. बायको गेली होती, आता ही जाणार आणि ती मी घालवलेली असणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात उपासना असते, तुमच्या वेळी असायची तशीच. ती अंधारात स्कूटी बाहेर काढत होती. मी म्हटलं, "थांब, मी सोडतो."

"आत येणार?"

"न्हाई."

"मंग हेल्मेट घाला. आज पाळकसाहेबांना ही एकच उपासना पुरे, वर आपली माती नको."

मी फाटकाबाहेर उभा राहिलो. आत मेणबत्त्या हलत होत्या, लोक गात होते. हाताची घडी घालून मी रागावायची वाट बघत राहिलो. उजाडलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या सलवारीला गुडघ्यापाशी माती लागली होती. गाडी सुरू करता करता मी विचारलं, "आईला काय सांगितलं?"

"सांगितलं, पप्पा फाटकाशी उभे हायेत. आत येत न्हाईत, पण निघून बी गेले न्हाईत." मग थोड्या वेळानं, माझ्या पाठीमागून, "बदलीचं अजून नक्की न्हाई."

बाबा, तुमची कबरही तिथंच, मागच्या रांगेत आहे. हे पत्र तिथं ठेवायला मी येणार नाही आणि तिच्या हातीही देणार नाही. बाकी सगळं तुम्हाला कळलं तरी चालेल. फक्त एवढं कळू नये : फाटकाशी उभा असल्याचा माझा निरोप तुमच्या सुनेला पोचला, असं घरी येईपर्यंत मला खरंच वाटत होतं.