आमच्या घरी काही कमी नाही

६ जानेवारी, मंगळवार

कृषी केंद्रवाल्यानं फुकट दिलेली डायरी. समीक्षा चिखलीहून आली तवा म्हणे, आई, तू दिवसभर चिडचिड करतं, त्यापेक्षा लिहून काढत जाय. पोरगी कालेजात गेली की मायले शिकवते. माही शाळा चौथीपर्यंत. तरी लिहून राह्यली. कोनाले दाखवाचं नाही.

मुद्दा आत्याबाईचा. माही सासू. ह्या वयात दुसऱ्याच्या वावरात मिरची तोडाले जाते. संध्याकाळी बोटाईची आग होते, ताकाच्या गंजात हात बुडवून बसते. लोकाईले म्या सांगतलं, बुढीले घरात करमत नाही म्हणून जाते. ते खरंच हाये. थोडंफार.

निश्चय: आत्याबाईले श्रावणबाळचा पगार लावाचा. गरीब म्हाताऱ्या मानसाले सरकार दर महिन्याले देते तो. पगार लागला की मिरची बंद. पन गावात कोनाले समजू द्याचं नाही. शेजारच्या रेणुकीले तर मुळीच नाही. तिच्या सासूले हाच पगार लागला तवा म्या चार बायाईत म्हणलं होतं, आमाले बाई सरकारपुढं हात पसरनं जमलं नसतं.

९ जानेवारी, शुक्रवार

आत्याबाईले घेऊन अमडापूरले सेतूवर गेली. तोंडाले स्कार्फ बांधला, फक्त डोये उघडे. कोन ओळखते?

रांगेत आपल्याच गावच्या तीन बाया. तिघीनं हाक मारली. म्हणल्या, तोंड काऊन बांधलं? म्या म्हणलं, धुळीची ॲलर्जी. कशाले आली? म्हणलं, आधार अपडेट. तेवढ्यात सेतूवाली बाई आतून ओरडली, श्रावणबाळवाल्या आजी कोन हायेत? आत्याबाईनं झटकन हात वर केला. बुढीले कमी ऐकू येते, पन हे बरोबर ऐकू आलं.

म्या बायाईले सांगतलं, हौस हाये तिची. बायाईले पटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

सुगडं, तिळगूळ, सगळं झालं. वानात प्लास्टिकचे डबे दिले. रेणुकीनं चहाच्या गाळण्या दिल्या होत्या, आपुन मांगं राहाचं नाही.

समीक्षाच्या बाबाची कंबर आजही नाही उठली. बाजार समितीत पोतं उचलता उचलता बसली तेव्हापासून खाटेवर हायेत. लोकाईले म्या सांगते, सुट्टीवर हायेत.

२७ जानेवारी, मंगळवार

तलाठ्याचा फोन. नवा हाये, बदलून आला. म्हणे, उद्या चौकशीले येतो, घर पाहाचं हाये.

घर पाहाचं! साहेब येनार आन इथं एक खुर्ची, तीबी तीन पायाची. खाली बसवू का त्याले? घाईघाईनं भिंतीले चुना मारला. रेणुकीकडून चार खुर्च्या, कपबशा आन ती मोराची चादर आणली. तिनं विचारलं, कोन येऊन राह्यलं? तोंडात आलं ते बोलली. म्हणलं, समीक्षाले पाहाले पाहुणे.

रेणुकी म्हणे, पोरगी तर चिखलीले हाये, पाहतील कोनाले?

म्हणलं, हे लोक आधी घर पाहतात, मंग पोरगी.

कसं सुचलं मले! डोकं चालते माहं.

२८ जानेवारी, बुधवार

साहेब आले, संग हापिसातला एक जन. कांदेपोहे केले, वरून खोबरं. साहेब म्हणे, कशाले त्रास घेतला, काकू. दोन डाव खाल्ले. मोराच्या चादरीवर हात फिरवून म्हणे, घर छान ठेवलं. मले लय बरं वाटलं. मानसाची राहनी दिसली की काम लवकर होते.

जाताना नळावर रेणुकीशी बोलत उभे होते. म्या खिडकीतून पाह्यलं. ती हात करू करू सांगून राह्यली होती. बरी हाये बिचारी.

पगार लागला समजा. आत्याबाईले म्हणलं, पुढच्या महिन्यापासून मिरची बंद. तिनं विचारलं, खरं का वं? म्हणलं, लिहून ठेवा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अर्ज नामंजूर.

साहेबाले फोन लावला. चांगलं झापलं त्याले. तो शांतपणे म्हणे, काकू, तुमच्या शेजारनीले विचारलं, ह्यांची परिस्थिती कशी. त्या म्हणल्या, खानदानी घर, विहिरीचं वावर, बाईच्या अंगावर पाच तोळे, मानसाले पक्का पगार, उसनं मागाले कधी कोनाच्या दारी नाही.

म्या फोन ठेवला.

सरळ रेणुकीच्या घरी गेली भांडाले. माह्या आधी तीच रडवेली झाली; फोनवर म्या नामंजूर काऊन म्हणून ओरडली, तेवढंच तिले भिंतीपलीकडं ऐकू गेलं होतं. म्हणे, वैनी, मी तर लय चांगलं सांगतलं वो त्याईले, तरी नकार कसा आला? पोरगा देखणा होता. काळा चष्मावाला.

म्हणजे तिनं तलाठ्याले नवरदेव समजलं. स्थळ आलं की शेजारी जसं सांगतात तसं सांगून मोकळी झाली. खुर्च्या तिच्याच, कपबशा तिच्याच, तरी म्हणे उसनं मागत नाहीत. आता भांडू कोनाशी?

म्हणलं, नकार आमीच दिला. पोरगा पिते.

रेणुकीनं कपाळाले हात लावला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

अख्ख्या आळीत झालं, समीक्षाचं स्थळ मोडलं. बाया धीर द्याले येऊन राह्यल्या. समीक्षाचा फोन आला, आई, माहं लग्न कधी ठरलं होतं वं? मैत्रिनीकडून समजलं. म्हणलं, अभ्यास कर.

संध्याकाळी रेणुकी आली. पोराले शिव्या घालाले. आत्याबाई उंबऱ्यात ताकात हात घालून बसली होती. तिथूनच बोलली, पोरगं नव्हतं ते वं. माह्या पगाराचा मानूस होता.

रेणुकी हासली असती तर बरं झालं असतं. ती हासली नाही. म्हणे, वैनी, आधी सांगतलं असतं तर मी खरं सांगतलं असतं.

मी उठून चुलीकडं गेली. चहा ठेवला. साखर नव्हती. तिनंच आणली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

रेणुकी आत्याबाईले घेऊन तलाठ्याकडं गेली, पुन्हा अर्ज देऊन आली. तो म्हणे, मंगळवारी पुन्हा येतो. माहा निश्चय: ह्या वेळी चादर नाही, पोहे नाही, तोंड बंद.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब तीन पायाच्या खुर्चीवर बसले. पडले नाहीत.

रेणुकी बोलाले लागली. तिचा आवाज आधीच मोठा. आळीतल्या बाया ओट्यावर येऊन उभ्या. म्हणे, साहेब, भाऊजीची कंबर गेली, खाटेवर हायेत. पोरीची फी वैनीच्या शिलाईवर. बुढी मिरची तोडते तवा ह्या घरात तेल येते. त्या दिवशीच्या खुर्च्या माह्या होत्या.

सगळं खरं होतं. एक शब्द जास्तीचा नाही. साहेब लिहून राह्यले होते. बाया माह्याकडं पाहून च्‌ च्‌ करून राह्यल्या.

तिथंच माहं तोंड उघडलं. म्हणलं, काही गरज नाही आमाले. म्हातारीलेच पगाराचा सोस. तिच्या हट्टापायी केला अर्ज.

असं बोलली मी.

साहेबानं पेन थांबवला. आत्याबाईले जोरानं विचारलं, आजी, अर्ज ठेवू का मांगं घेता?

आत्याबाईनं माह्याकडं पाह्यलं. मंग बायाईकडं. म्हणे, सून म्हणते तसंच हाये. मलेच सोस होता. राहू द्या साहेब.

आन अंगठा दिला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी आत्याबाई मिरचीले गेली. रोज ती भाकर सोता बांधून घेते. आज डबा म्या भरला. गव्हाच्या पोळ्या, वर तूप. वावरातल्या बायाईले दिसलं पाहिजे.

संध्याकाळी

डबा जसाच्या तसा परत. विचारलं, काऊन नाही खाल्ल्या? म्हणे, बायाईपुढं उघडला नाही. तूप पाहून म्हणतील, मंग तू इथं कशाले येतं? काय सांगू?

मंग उंबऱ्यात बसली, हात पुढं करून. घरात ताक नव्हतं.

रेणुकीकडून मागून आणलं. म्हणलं, कढी कराची हाये.