टाकीत कोणाचा हात

मावला, मंगळवार

प्रिय नीलिमा,

पत्र पाहून तुले पहिलं वाटंल, पंकजनं लिहायले लावलं. नाही वं. त्याले माहीतच नाही. तो ऑफिसात गेल्यावर लिहायले बसली, आन टपालाच्या डब्यात टाकायलेही मीच जाईन, कोणाच्या हाती देणार नाही. माझा स्वभाव तुले ठाऊक आहे. फोन काऊन नाही केला म्हणशील, तर फोनवर माझा आवाज चढते आन जे बोलायचं तेच राहून जाते. शाळेत पोरांच्या वह्यांवर मारतेस तशा लाल रेघा याच्यावर मारू नको. जसं तोंडात येऊन राह्यलं तसं लिहून राह्यली.

टाकीची गोठ आधी सांगते, भांडणाचं मूळ तेच. गुडघ्यांनी जवाब दिला, तलमडुगूच्या वावरात जाणं बंद झालं, आन मी घरात बसून सगळ्यांवर खेकसायले लागली, तवा पंकजनं ती तीन फुटाची काचेची टाकी आणली. म्हणे, आई, आता इथंच वावर कर. मासे आन लाल झिंगे त्याच्या आवडीचे, पण माझा जीव जडला झाडांवर. तळाले रेती, वरून लाईट, आन ते लांब पट्टीसारख्या पानाचं झाड. दुकानदार त्याचं काहीतरी तोंड वाकडं करून घ्यायचं नाव सांगे. मी त्याले पाण्यातली ज्वारी म्हटलं, तेच नाव घरात राह्यलं. तू लग्न होऊन आली त्या दिवशी तुझ्याकडच्या बाया आमचं स्वयंपाकघर पाहून राह्यल्या होत्या, आन तू मुंडावळ्यासकट टाकीपाशी उभी. मले ते आवडलं होतं. बोलून दाखवलं नाही. उलट मनात म्हटलं, आल्या आल्या हिची नजर माझ्या टाकीवर काऊन?

मग तूच दर आयतवारी टाकी साफ करायले लागली. वाढलेली ज्वारी उपटायची, कापायची, पिल्लं वेगळी करून रेतीत लावायची. हात तुझा हलका. माझ्यापेक्षा चांगला, आज लिहून देते. यंदा नागपंचमी झाल्यावर ज्वारी पिवळी पडली, तर दुकानदारानं मले मातीचं पाकीट दाखवलं. मले हसूच आलं. ज्या घरानं चाळीस वर्षं कापूस पिकवला त्या घरानं माती पाकिटातून घ्यायची? पंकजले सांगितलं, वावरातल्या निंबाखालची काळी माती आण, तशी माती शिवारात नाही. तिच्या सुपारीएवढ्या गोळ्या वळल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या, आन एकेका झाडाच्या मुळाशी रेतीत दाबून दिल्या. आठ दिवसांत ज्वारी अशी हिरवीगार झाली का बस! शेजारच्या बाया बोलावून दाखवली. आन त्याच आठवड्यात लाल झिंगे मरायले लागले.

आता माझ्या मनातलं सांगते, लपवून काय करू? सोमवारी सकाळी पाच झिंगे उलटे पडलेले. आदल्या दिवशी टाकीत हात तुझा. पुढच्या सोमवारी पुन्हा चार, आन दोन मासे. आदल्या दिवशी हात तुझाच. मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायले लागली, तुले दिसू नये असं. मग एका सकाळी, मी पाणी बदलून अंघोळीले गेली आन टॉवेल विसरला म्हणून परत आली, तर तू टाकीचं झाकण उचलून बाटलीतून थेंब टाकून राह्यली. मले पाहून बाटली ओढणीत घेतली. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं. तवापासून मी सूप घेऊन डाळ निवडायलेही टाकीसमोरच बसे. तू शाळेत गेल्यावर तुझं कपाट उघडलं. हो, उघडलं. बाटली सापडली, वरचा कागद खरवडून काढलेला. संशयाले कारण लागते थोडंच, पण मी कारणंही जमवली. तू एकदा म्हटलं होतं का टाकीच्या जागी पुस्तकांची मांडणी छान दिसंल. बस. माझा खटला पुरा झाला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाले मी काय केलं ते तुले सांगायची गरज नाही, पण मले लिहायची आहे. अकरा बाया पंक्तीत, तुझ्या हाती आंबिलीचं भांडं, आन मी ती बाटली सगळ्यांसमोर पाटावर ठेवली. म्हटलं, माझ्या घरात जीव मारणारी सून आली. ताराबाईचा घास हातातच राह्यला. तू माझ्याकडं एकदा पाह्यलं, आन उरलेली पंक्ती वाढली. शेवटच्या बाईपर्यंत. तिसऱ्या दिवशी बॅग घेऊन माहेरी भैंशाले निघाली. शाळेत जातानाही उंबऱ्यावरून आई, येते असं म्हणायची तू. त्या दिवशी नुसतं येते म्हटलं. एक शब्द कमी पडला तो मी बरोबर ऐकला, आन न ऐकल्यासारखं केलं.

तू गेल्यावर पंधरा दिवस मी टाकीले हात लावला नाही, पाणीही बदललं नाही. एक जीव मेला नाही. मी काय तोऱ्यात होती सांगू! तुझ्या सासऱ्यांले दिवसातून तीनदा ऐकवलं का पाहा, गेली आन मरण थांबलं. ते बिचारे नेहमीसारखे जाऊ दे वं म्हणून पेपरात तोंड घालत. मग कोणतं जहर आहे ते कळावं म्हणून बाटली घेऊन मी मासेवाल्या दुकानात गेली. त्यानं त्याच्या तेलुगू-हिंदीत सांगितलं का अम्मा, हे नळाच्या पाण्याचं औषध. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं टाकतात त्यानं माशांचे कल्ले जळतात, म्हणून बादलीमागं इतके थेंब. तुमची मॅडमच नेते, आन कागद खरवडून मागते, कारण दुकानातलं काही दिसलं का सासूबाई ओरडतात. मी म्हटलं, हाही फितूर! रागारागानं परत आली. आन फाटकाशी आल्यावर पाय थांबले माझे. नळाची बादली भरून टाकीत ओतायचं कोण? मीच. माझ्या मासोळ्यांले कोणतंही पाणी चालते, असं गावभर सांगे कोण? मीच. तू माझ्यामागून थेंब टाकत होती आन मले कळू देत नव्हती. पंक्तीत एक वाक्य बोलली असती तर अकरा बायांसमोर मी येडी ठरली असती. म्हणून तू आंबील वाढली.

तरी बाई, संशय मेला नाही. चिवट जात त्याची. थेंब औषधाचे, कबूल, पण मग आयतवारचं काय? दसऱ्यानंतर ज्वारी माजली, लाईट खाली पोचेना, म्हणून मीच हात घातला. झाडं उपटली, तशा मुळाखालच्या गोळ्या फुटल्या आन पाण्यात काळा धूर पसरला. सकाळी पाहते तर सहा मासे वर, झिंगे एक सोडून सगळे आडवे. घरात नीलिमा नाही. हात फक्त माझा. मी टाकीसमोर बसून राह्यली, चहाही घेतला नाही. झाडं हिरवीगार आन किडामुंगीसारखा जीव तेवढा मरते, हे मी कुठं पाह्यलं? वावरात पाह्यलं, दुसरं कुठं! पंकजच्या गाडीवर बसून तलमडुगू गाठलं. निंबाखाली निळा ड्रम, ढवळायची काठी, औषधाच्या रिकाम्या बाटल्या. सालदार रामाजी म्हणे, बाई, दोन वर्षं झाली, फवाऱ्याचं औषध इथंच कालवतो, विहिरीपाशी नको म्हणून. त्यानं शहाणपणच केलं. तिथं गवताची काडी होती, पण मुंगी एक नव्हती. मी दोन वर्षं तिकडं फिरकली नाही आन घरी बसून शिवारातली सगळ्यात चांगली माती सांगत होती. जहर मी वळलं, मी वाळवलं, मी पुरलं. तू हलक्या हातानं झाडं लावायची तवा ते उकलायचं, एवढंच.

ती माती काढून टाकली, रेती सात पाण्यांनी धुतली. चार मासे आन एक झिंगा उरला आहे, तुझ्याच बाटलीतले थेंब टाकून दुसऱ्या भांड्यात ठेवले आहेत. थेंब मोजताना चष्मा लावते. ज्वारी फेकून दिली, मुळांले काय चिकटलं असंल सांगता येत नाही. काल त्या अकराही जणींले चहाले बोलावलं आन सगळं सांगितलं, बाटलीपासून निंबापर्यंत. ताराबाई म्हणे, जाऊ दे ना, कोण लक्षात ठेवते. मी म्हटलं, पंक्तीत थुंकलं ते पंक्तीतच पुसायचं. त्यांच्या तोंडावरून कळलं का त्यांच्या सगळ्यांच्या लक्षात होतं.

पण तू नव्हती त्यात. जिचा अपमान केला तिच्याशिवाय माफी मागितली, तर ती कसली माफी? म्हणून हे पत्र. शनिवारी सकाळच्या बसनं मी भैंशाले येते. एकटी. तुझ्या आईले सांग, स्वयंपाक करू नको, मी आधी दारात उभी राहीन, शेजारपाजार ऐकंल असं बोलीन, मग तू म्हणशील तर आत येईन. घरी चल म्हणायचा हक्क माझा राह्यला नाही, तो तुझा आन पंकजचा विषय. टाकी रिकामी आहे, नवी ज्वारी कोणी लावायची ते तू ठरव. खाली आई लिहायले पेन टेकवलं होतं, पण तो शब्द तू दिलेला होता, तू परत दिल्याशिवाय नाही लिहिणार. मले पक्का संशय आहे का तू दार उघडणार नाहीस. जन्मभर माझा प्रत्येक संशय खरा निघावा म्हणून मी धडपडली, नीलिमा. हा एक खोटा निघू दे.

तुझीच,
कौशल्याबाई