डब्याखालची मेणबत्ती

११ जून
पोचलो बुवा एकदाचा! ओव्हाल्ये शहरापासून वर डोंगरात येताना तीन तास बसने हाडं खिळखिळी केली, पण दुर्बीण आणि कॅमेरा शाबूत आहेत. सव्वीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला. आता निवृत्तीत एकच हौस उरली आहे, आकाशाच्या दक्षिण ध्रुवाला चिकटून असलेली ती अगदी फिकट दीर्घिका टिपायची. घरमालकीण डोन्या एर्मिंदा ऐंशीच्या, एकट्याच राहतात, शेळ्या पाळतात. गरम पाव आणि शेळीचं चीज पुढे सरकवत म्हणाल्या, काय मास्तर, सान्तियागोतलं आकाश संपलं वाटतं, म्हणून आमच्या वाट्याचं न्यायला आलात? जीभ तिखट आहे म्हातारीची. मला आवडली. अंगणातली वेगळी खोली मला दिली आहे. जून म्हणजे इथे ऐन हिवाळा, रात्री हाडं गोठतात.

१३ जून
उत्तरेकडच्यांना आयता ध्रुवतारा मिळालाय. आमच्या ध्रुवापाशी डोळ्यांना धड दिसेल असं काही नाही, चाचपडत यंत्र जुळवावं लागतं. दोन रात्री त्यातच गेल्या. आता यंत्र ताऱ्यांबरोबर फिरवत पाच-पाच मिनिटांची चित्रं काढून एकावर एक रचायची, म्हणजे फिकट उजेड साठत जातो.

अडचण एकच. अंगणापलीकडे बरोबर दक्षिणेला एक देवळी आहे, अवचित मेलेल्या माणसासाठी त्याच जागी बांधतात तशी. आत मेणबत्ती. तिचा उजेड भिंगात शिरतो. रात्रीपुरती विझवू का, असं विचारलं तर डोन्या एर्मिंदांचं हसू मावळलं. दुसरं काहीही मागा मास्तर, म्हणाल्या, तेवढं नको.

तिथे त्यांची लेक सुनिल्दा गेली. नऊ वर्षांची. शेळ्यांमागे गेली आणि धुक्यात चुकली. येते काय उशिरा, बस म्हणावं बाहेर, असं म्हणून आईने रागाच्या भरात दिवा मालवला आणि कडी लावली. सकाळी पोर दारापासून तीस पावलांवर सापडली, गारठून. मेणबत्ती आहे म्हणून ती तिथे विसावली आहे, नाहीतर बिचारी चालतच राहील, म्हणाल्या.

१५ जून
लिहायला लाज वाटते. त्या झोपल्यावर मेणबत्तीवर कॉफीचा रिकामा डबा पालथा घातला. विझली. पहाटे पुन्हा पेटवून ठेवली. कोणाला कळणार आहे?

१६ जून
दीर्घिका आली! भुरकट, नखाएवढी, पण आली. शेजारी एक डाग आहे. धूळ असणार. भिंग पुसलं, रात्री पुन्हा डबा घालीन.

१७ जून
डाग वाढलाय. विमान असतं तर रेघ उमटली असती, जमिनीवरचं काही असतं तर फराटा. हे ताऱ्यांबरोबर फिरून रेखीव उतरलंय. दोन वेण्या. फ्रॉक. तोंड माझ्याकडे.

१८ जून
राहवलं नाही. डोन्या एर्मिंदांना सगळं सांगितलं, चित्र दाखवलं. शिव्या देतील वाटलं होतं. त्यांनी नुसतं बोट कॅमेऱ्याच्या पडद्यावर फिरवलं, वेण्यांवरून. त्यांनीच पोरीला शिकवलं होतं, पावलं मोजायला आणि वाट शोधायला. आकाश जिथे फिरत नाही तिकडे पाठ कर आणि चाल, घर येईल. अजून आईचं ऐकतेय हो माझी बाय, म्हणाल्या आणि हमसून रडल्या.

मी मेणबत्ती लावायला उठलो तर माझा हात धरला. लावू नका मास्तर. तीसच पावलं राहिलीत. येऊ दे.

१९ जून
आज चित्रात फक्त डोळे मावले. पापण्यांवर दहिवर— ते लेकराचेच डोळे आहेत, पण पापणी लवत नाही. पाचही मिनिटं नाही.
डोन्या एर्मिंदांनी आपल्या दाराची कडीच उखडून टाकली.

२० जून
गेल्या. देवळीपाशी बसलेल्या सापडल्या, गारठलेल्या. शाल शेजारी पसरलेली, कोणाला तरी पांघरावी तशी. शालीखाली कोणी नाही.
मी मारलं त्यांना. एका डब्याने.
दोन मेणबत्त्या लावतोय. पेटच धरत नाहीत—

रात्र
धुकं. कॅमेरा बंद आहे— तरी पडद्यावर दोघी. हातात हात. तोंडं इकडे.
बाहेर कोणी पावलं मोजतंय. म्हातारा आवाज आधी, मागून बारका. अकरा. बारा—
कडी लावली. दिवा मालवला. अंधारातच लिहितोय—

अरे देवा. डोन्या एर्मिंदांनीही त्या रात्री हेच—

चोवीस.
नाही. बाहेर गारठा आहे. लेकरू आहे ते. दिवा लावला. काढतो कडी—
अठ्ठावीस. एकोणतीस.
ये गं बाय, उघडंच आहे दा—